अर्ली रेझ आला, हातात एक्का-गुलाम: पोकरमध्ये कोणते पत्ते खेळायचे, कोणते टाकायचे?

२०२५ चे गणपती बसले २७ ऑगस्टला. आमच्या भोईवाड्यातल्या चाळीत जागरणाच्या रात्री पत्ते ठरलेलेच. आधी मेंढीकोट, मग झब्बू, आणि रात्री एकनंतर लहान पोरं झोपली की पोकर. पैसे अजिबात नाहीत. चिंचोका म्हणजे एक, कॅरमची काळी सोंगटी म्हणजे दहा. त्या डावात सगळ्यात आधी बोलायची पाळी ज्याची होती, त्याने सरळ सहा चिंचोके पुढे सरकवले. मी पत्ते टाकले. शेजारी बसलेल्या मावसभावाने मला कोपराने ढोसलं आणि त्याचे पत्ते दाखवले.

"दादा, एक्का-गुलाम आहे. जाऊ ना?"

"टाक."

"एक्का आहे, दादा! वेडा झालास का?"

तो गेला. फ्लॉपवर एक्का आला. त्याने सगळे चिंचोके आणि तीन सोंगट्या लावल्या. समोरच्याने एक्का-राजा दाखवला. डाव संपला.

पहाटे गॅलरीत चहा पिताना तो हळूच म्हणाला, "त्या ॲपवर पण मी याच पत्त्यांवर हरतो रे." कोणतं ॲप, विचारलं तर टेलिग्रामवरच्या लिंकवरून घेतलेली एपीके फाइल. त्यात त्याचे ४,००० रुपये अडकलेले.

हा लेख त्या पहाटेच्या गप्पांतून निघाला आहे. यात दोन गोष्टी आहेत: अर्ली रेझसमोर पत्ते निवडायचं गणित, आणि ते गणित पैसे न लावता कसं शिकायचं.

आधी कायद्याचं बोलू

२२ ऑगस्ट २०२५ रोजी, म्हणजे गणपती बसायच्या पाचच दिवस आधी, ऑनलाइन गेमिंगच्या नव्या केंद्रीय कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर हा कायदा बंदी घालतो. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा फरक यात धरलेला नाही. त्यामुळे "पोकर तर स्किल गेम आहे" हा युक्तिवाद इथे चालत नाही. असा खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. नुसतं खेळणाऱ्याला मात्र या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही.

शिवाय महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहेच. म्हणून घरी खेळायचं तर चिंचोके, बटणं, सोंगट्या. गणित तेच राहतं.

नो-लिमिट होल्डेम, दोन मिनिटांत

तीन पत्ती येत असेल तर हे सोपं आहे.

- प्रत्येकाला २ पत्ते, फक्त त्यालाच दिसणारे.
- मध्ये सगळ्यांसाठी ५ पत्ते उघडतात: आधी ३ (फ्लॉप), मग १ (टर्न), मग १ (रिव्हर).
- सातांतले सगळ्यात चांगले पाच पत्ते म्हणजे तुमचा हात.
- पत्ते वाटायच्या आधीच दोन जणांना सक्तीने चिंचोके टाकावे लागतात: स्मॉल ब्लाइंड (आपल्याकडे १) आणि बिग ब्लाइंड (२).
- प्रत्येक पाळीला तीन पर्याय: फोल्ड (तीन पत्तीतलं "पॅक"), कॉल (तेवढेच टाकणं), रेझ (वाढवणं).
- "नो-लिमिट" म्हणजे समोर आहे तेवढं सगळं एका झटक्यात लावता येतं.

शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. सहा चिंचोक्यांची चूक रिव्हरपर्यंत शंभराची होऊ शकते.

या लेखात दोन शब्द वारंवार येतील. दोन्ही पत्ते एकाच चिन्हाचे असतील, म्हणजे दोन्ही बदाम किंवा दोन्ही इस्पिक, तर त्यांना "कलरचे" म्हणू. नसतील तर "बिनकलरचे".

अर्ली रेझ म्हणजे समोरच्याने काय सांगितलं?

नऊ जणांच्या टेबलवर बिग ब्लाइंडच्या लगेच पुढचा माणूस सगळ्यात आधी बोलतो. त्याच्यामागे आठ जण बाकी असतात आणि त्यांच्याकडे काय आहे हे त्याला माहीत नसतं. अशा जागेवरून वाढवणं म्हणजे अर्ली रेझ. याउलट, बटणावर बसलेला माणूस रेझ करतो तेव्हा बहुतेकांनी पत्ते टाकलेले असतात आणि मागे फक्त दोन ब्लाइंड उरतात.

हा फरक आकड्यात पाहू. एक्का, राजा किंवा राणीची जोडी, नाहीतर एक्का-राजा, एवढेच हात "भारी" धरले, तर कोणत्याही एका माणसाकडे ते असण्याची शक्यता सुमारे २.६ टक्के. मागे दोन जण असतील तर दोघांपैकी कोणाकडे तरी असण्याची शक्यता ५ टक्के. मागे आठ जण असतील तर जवळपास १९ टक्के, म्हणजे पाचात एकदा. ज्याला खेळ कळतो तो हा धोका ओळखून पहिल्या जागेवरून फालतू पत्त्यांवर वाढवत नाही.

म्हणून अर्ली रेझ आला की आपले पत्ते "चांगले दिसतात का" हा प्रश्न बाजूला ठेवा. प्रश्न असा: ज्या पत्त्यांवर हा माणूस इथून वाढवेल, त्यांच्यासमोर माझे पत्ते कसे आहेत?

१,३२६ चा हिशोब

५२ पत्त्यांतून दोन पत्ते १,३२६ प्रकारे येऊ शकतात. पाठ करायचे आकडे तीनच:

- कुठलीही जोडी: ६ प्रकारे
- कुठलेही दोन कलरचे पत्ते (उदा. एक्का-राणी): ४ प्रकारे
- तेच दोन बिनकलरचे: १२ प्रकारे

आता एक सावध खेळाडू पहिल्या जागेवरून रेझ करतो असं धरू. त्याचे पत्ते:

- सत्तीपासून एक्क्यापर्यंतच्या सगळ्या जोड्या: ८ × ६ = ४८
- एक्का-राजा, एक्का-राणी, एक्का-गुलाम, कलरचे: ३ × ४ = १२
- राजा-राणी कलरचे: ४
- एक्का-राजा, एक्का-राणी बिनकलरचे: २ × १२ = २४

एकूण ८८. म्हणजे १,३२६ पैकी साधारण ६.६ टक्के. समोरचा कोणत्या पत्त्यांवर खेळतोय त्या पूर्ण यादीला "रेंज" म्हणतात. एकच हात ओळखायचा प्रयत्न करू नका, यादी मोजा.

एक्का-गुलाम: माझी जुनी जखम

मावसभावाला मी इतक्या ठामपणे "टाक" म्हणालो, कारण ती फी मी आधीच भरलेली होती. २०२० च्या लॉकडाउनमध्ये इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. इंटर्नशिपचे पैसे यायला लागले होते, आईसाठी फोन घ्यायचा ठरला होता. चार महिन्यांत एका ॲपवर १८,५०० रुपये घालवले. फोन आला नाही. घरी सांगितलं की स्टायपेंड उशिरा येतोय.

नंतर खेळलेल्या डावांची टेक्स्ट फाइल डाउनलोड केली आणि पायथनमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहिली: कुठल्या पत्त्यांवर, कुठल्या परिस्थितीत किती गेले. मला वाटत होतं मी ब्लफ मारण्यात हरतोय. उत्तर वेगळंच आलं. निम्म्याहून जास्त तोटा एकाच ठिकाणी होता: कोणीतरी आधी रेझ केलाय आणि मी एक्का-गुलाम, राजा-राणी किंवा एक्का-दश्शी घेऊन कॉल केलाय.

का, ते मोजून पाहा. माझ्या हातात इस्पिकचा एक्का आणि बदामचा गुलाम. हे दोन पत्ते माझ्याकडे असल्याने वरच्या ८८ पैकी ७२ शक्यता उरतात. त्यांत:

- एक्का-राजा आणि एक्का-राणी: २४
- एक्क्याची जोडी ३, गुलामाची जोडी ३: ६
- राजाची आणि राणीची जोडी: १२
- सत्ती ते दश्शीच्या जोड्या: २४ (इथे सामना जवळपास बरोबरीचा, समोरचा थोडा पुढे)
- एक्का-गुलाम कलरचे: २ (बरोबरी)
- राजा-राणी कलरचे: ४ (इथे मी पुढे)

म्हणजे ७२ पैकी ४२ ठिकाणी मी चांगलाच मागे आणि फक्त ४ ठिकाणी पुढे. त्यातही पहिली ओळ सगळ्यात घातक. तुमचा एक्का त्याच्याकडेही आहे आणि त्याचा दुसरा पत्ता तुमच्यापेक्षा मोठा आहे. यात तो साधारण चारात तीन वेळा जिंकतो. आणि फ्लॉपवर एक्का आला तर हरणारे तुम्हीच, पण खूश होऊन पैसे लावणारेही तुम्हीच. जागरणाच्या रात्री नेमकं हेच झालं.

समोरचा थोडा सैल असेल तर? त्याच्या यादीत बिनकलरचा एक्का-गुलाम, कलरचे एक्का-दश्शी आणि राजा-गुलाम टाकू. आता शक्यता ८५. मी पुढे असलेल्या जागा ४ वरून १० झाल्या, बरोबरीच्या ९. पण वाईट जागा अजूनही ४२.

राजा-राणी बिनकलरचे? दिसायला राजघराणं. पण पहिल्या यादीसमोर मोजलं तर उरलेल्या ७२ पैकी एकही हात असा नाही ज्याच्या पुढे तुम्ही आहात.

आता एक्का-राजा पाहा. उरतात ६९ शक्यता. तुम्हाला दाबून टाकणाऱ्या फक्त ६ (एक्क्याच्या ३ जोड्या, राजाच्या ३). तुम्ही ज्यांना दाबता अशा १८. गुलामाच्या जागी राजा आला आणि अख्खं चित्र उलटलं.

मग खेळायचं काय?

नऊ जणांचं टेबल, सगळ्यांकडे १०० चिंचोके, ब्लाइंड १-२, अर्ली रेझ ६ चा. सुरुवात करणाऱ्यासाठी माझा तक्ता असा:

- एक्का, राजा, राणीची जोडी: परत वाढवा. याला थ्री-बेट म्हणतात. तुम्ही नंतर बोलणार असाल तर १८ च्या आसपास, आधी बोलणार असाल तर २२ ते २४.
- एक्का-राजा: कलरचे असोत वा नसोत, बहुतेक वेळा वाढवा. तुमच्याकडचा एक्का आणि राजा समोरच्याकडे त्यांच्या जोड्या असण्याची शक्यता निम्म्यावर आणतात: ६ च्या जागी प्रत्येकी ३.
- गुलाम आणि दश्शीची जोडी: कॉल करा, फ्लॉप पाहा. फ्लॉपवर मोठे पत्ते आले आणि समोरचा जोर लावत असेल तर सोडायची तयारी ठेवा.
- एक्का-राणी कलरचे: कॉल. बिनकलरचे असतील आणि रेझ करणारा कडक असेल तर टाका.
- एक्का-गुलाम, राजा-राणी कलरचे: तुम्ही बटणावर असाल तर कॉल चालतो. मध्ये बसला असाल तर टाकणं बरं.
- दुर्री ते नव्वीच्या जोड्या: खाली वेगळं लिहिलंय.
- एक्का-गुलाम, एक्का-दश्शी, राजा-राणी, राजा-गुलाम, सगळे बिनकलरचे: टाका.
- आठ-सात कलरचे वगैरे: दिसायला मजेदार, पण फ्लॉपवरच पूर्ण कलर बनतो ११९ वेळांत एकदा. समोर भरपूर चिंचोके असतील आणि तुम्ही शेवटी बोलणार असाल तरच.

हा तक्ता देवाची आज्ञा नाही. सहा जणांचं टेबल असेल तर पहिल्या माणसाच्या मागे कमी लोक असतात, त्याची यादी मोठी होते आणि तुमचीही थोडी वाढते. समोरचा काका प्रत्येक डावाला रेझ करत असेल तर त्याच्यासमोर एक्का-गुलाम सोन्यासारखा आहे. पण तासाभरात पहिल्यांदाच कोणी रेझ केला असेल, तर राणीच्या जोडीनेही दोनदा विचार करावा.

छोट्या जोड्या: साडेआठात एकदा

हातात पंजीची जोडी. हिची खरी कमाई फ्लॉपवर तिसरी पंजी आली तरच. ते होण्याची शक्यता ११.८ टक्के, म्हणजे साधारण साडेआठ वेळांत एकदा. बाकी वेळा ६ चिंचोके गेले समजा.

मग परवडतं कधी? ज्या एका वेळी लागेल तेव्हा समोरच्याकडून भरपूर मिळायला हवं, आणि दरवेळी तो सगळे देईलच असं नाही. म्हणून नियम: कॉलच्या किमान १५ पट चिंचोके दोघांकडेही असावेत. ६ चा कॉल असेल तर ९०. समोरच्याकडे ४० च उरले असतील तर पंजीची जोडी सरळ टाका. पत्ते तेच आहेत, पण जिंकायला पुरेसं समोर नाही.

"अजून थोडेच तर टाकायचेत": बिग ब्लाइंडचा मोह

तुम्ही बिग ब्लाइंड आहात, २ आधीच गेलेत. पॉटमध्ये १ + २ + ६ = ९. तुम्हाला ४ टाकायचे आहेत. ४ भागिले १३, म्हणजे निदान ३१ टक्के जिंकण्याची शक्यता हवी. बटणावर असता तर ६ भागिले १५, म्हणजे ४० टक्के लागली असती.

बिनकलरच्या एक्का-गुलामाला पहिल्या यादीसमोर माझ्या हिशोबाने ३५ टक्क्यांच्या आसपास मिळतात. म्हणजे बटणावर कमी पडतात, पण बिग ब्लाइंडवर कागदावर पुरतात. मग कॉल का नको? कारण हे ३५ टक्के पाचही पत्ते फुकट उघडले तरचे आहेत. प्रत्यक्षात फ्लॉपनंतर दरवेळी तुम्हाला त्याच्या आधी बोलावं लागतं, तो जोर लावतो, आणि तुम्ही कधी जिंकणारा हात टाकता, कधी हरणाऱ्या हातावर पैसे देता. सुरुवातीला इथेही फोल्ड ठेवा. हात बसला की कडेचे कॉल हळूहळू वाढवा.

कॉम्प्युटर काय म्हणतो?

२०१९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि फेसबुकच्या संशोधकांनी प्लुरिबस नावाचा प्रोग्रॅम बनवला. सहा जणांच्या नो-लिमिट होल्डेममध्ये त्याने व्यावसायिक खेळाडूंना १०,००० डावांत हरवलं. त्याची मूळ रणनीती ६४ कोअरच्या सर्व्हरवर ८ दिवसांत तयार झाली. माणसांचे डाव न बघता, स्वतःशीच खेळून तो शिकला. तरी जुन्या खेळाडूंचा एक सल्ला त्यानेही खरा ठरवला: नुसता ब्लाइंडएवढा कॉल मारून डावात शिरणं तोट्याचं. शिरायचं तर वाढवून शिरा, नाहीतर टाका.

फोनवर फुकट सराव कसा करायचा?

१. इक्विटी कॅल्क्युलेटर वापरा. एका बाजूला तुमचे दोन पत्ते, दुसऱ्या बाजूला समोरच्याची पूर्ण रेंज टाका. टक्के लगेच कळतात.

२. पायथन येत असेल तर स्वतः लिहा. ५२ पत्त्यांची यादी, त्यातून दोन-दोनच्या जोड्या, तुमचे पत्ते वगळा, मोजा. वीस ओळींचं काम आहे. वरचे ८८, ७२, ६९ हे आकडे स्वतः काढून बघा.

३. घरी खेळताना वहीत फक्त एक गोष्ट लिहा: रेझ कोणत्या जागेवरून आला आणि शेवटी कोणते पत्ते दिसले. दहा रात्रींत प्रत्येक काकाची रेंज कळते.

४. टेलिग्राम, इन्स्टाग्रामवरून आलेली एपीके कधीच टाकू नका. पैसे जातातच, वर मेसेज आणि कॉन्टॅक्ट वाचायची परवानगीही जाते. फसवणूक झाली असेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा.

शेवटी

अनंत चतुर्दशीच्या आदल्या रात्री पुन्हा बसलो. पहिल्या जागेवरून रेझ आला. मावसभावाने पत्ते पाहिले, माझ्याकडे पाहिलं आणि टाकले. फ्लॉप उघडला: एक्का, गुलाम, चौकी. त्याने डोक्याला हात लावला.

"दादा, तुझ्यामुळे! एक्का-गुलामच होता."

चूक नव्हती. टाकलेले पत्ते कधीकधी जिंकले असते, हे होणारच. निर्णय बरोबर होता का, हे त्या एका फ्लॉपवरून ठरत नाही, शंभर वेळा तेच केलं तर काय होईल यावरून ठरतं. ॲपवाले याच एका फ्लॉपवर जगतात, कारण आपल्याला तो एकच लक्षात राहतो.

एपीके त्याने काढून टाकली. १९३० वर तक्रारही केली. ४,००० रुपये अजून आलेले नाहीत, येतील याची खात्री नाही. मावशीला त्याने स्वतः सांगितलं. मी आईला माझ्या १८,५०० बद्दल सांगायला तीन वर्षं लावली होती.